नऊ मिनिटांची शांतता

१

टेप फिरत होती आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं.

रविवारी सकाळी अकराची वेळ. शहराच्या टोकाला, बेसाच्या त्या नव्या घरात तीसेक माणसं सतरंजीवर बसलेली. जिजाबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. वंदना झाली, भंतेजींचे चार शब्द झाले, फोटोपुढच्या मेणबत्त्या अर्ध्यावर आल्या आणि मग त्यांचे यजमान धोंडबा म्हणाले, आता तिलाच ऐका. कन्हानच्या जुन्या घरी जात्यावर डाळ भरडताना जिजाबाईंनी म्हटलेल्या ओव्या, पंचवीस मिनिटांच्या. त्यांचा आवाज म्हणून जगात उरलेली एवढी एकच कॅसेट.

पहिल्या मिनिटाला लोकांना वाटलं, सुरुवातीला थोडी कोरी असेल. दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी आवाज वाढवायला सांगितलं. पाचव्या मिनिटाला धोंडबांनी टेप पुढे पळवली. तिथेही तेच. आणखी पुढे, तिथेही तेच. मग त्यांची मुलगी मिनल उठली, तिनं डेकमधून कॅसेट ओढून काढली आणि भरल्या घरात वहिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "झालं ना समाधान तुझं?"

हे मला दुसऱ्या दिवशी प्रशिकनं सांगितलं. प्रशिक म्हणजे धोंडबांचा मुलगा, जिच्याकडे बोट दाखवलं त्या सरिताचा नवरा.

मी प्रेमिला. सीताबर्डीवर आमचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. यजमान, शालिकराम, पुढच्या टेबलावर बसत, मी मागच्या. लोक यायचे ते मशीन घेऊन नव्हे, कुणाचा तरी गळा घेऊन यायचे. सासरी गेलेल्या मुलीनं पाठवलेली खुशाली, बारशातला गोंधळ, एखाद्या म्हाताऱ्याची शीळ. "जरा सांभाळून बरं का बाई," म्हणायचे, जसं झोपलेलं मूल हातात देतात. दुकान गेलं, यजमानही गेले. आता धंतोलीतल्या दवाखान्यांच्या गल्लीत माझी एक खोली आहे, खिडकीशी टेबल आहे. दिवसातून दोन तरी लोक रक्त तपासायला म्हणून चुकून माझ्याच पायऱ्या चढतात.

प्रशिकनं रुमालात गुंडाळलेली कॅसेट टेबलावर ठेवली.

"मावशी, पुसलेलं परत आणता येते काय?"

"नाही रे बाप्पा. पुसलं ते गेलं."

त्याचा चेहरा पाहवेना. मी पुढे म्हटलं, "पण कसं पुसलं, ते टेप सांगते कधी कधी."

"सांगू द्या मग. बाबा बुधवारी सकाळी कन्हानले निघून राहिले. एकटे. बंद घर उघडून राहतो म्हणते. सरिताच्या हातचं पाणी घेत नाही. एकोणऐंशी वय आहे, मावशी."

धोंडबा मला आठवत होते. चौतीसेक वर्षांपूर्वी कन्हानच्या बसनं, गोधडीत बांधून डेक न्यायला आले होते. कोळशाच्या खाणीत काम. हात असे धुतलेले की नखांच्या कडाच तेवढ्या काळ्या. तेव्हा त्यांनी दुकानात काहीतरी विचित्र विचारलं होतं, एवढं आठवलं. काय, ते काही केल्या आठवेना.

२

शांतता सगळी सारखी नसते. कोरी टेप एका तऱ्हेनं सूं करते, पुसलेली दुसऱ्या तऱ्हेनं. मी दार लावलं, हेडफोन घातला, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि ओव्यांची बाजू सुरुवातीपासून ऐकायला बसले.

टक्. मग शांतता.

खालच्या गल्लीत रुग्णवाहिका वाजून गेली, कुणी नारळपाणीवाला ओरडला, ते सगळं हेडफोनच्या बाहेर. आत काही नाही. आणि मग पुन्हा, टक्.

घड्याळ पाहिलं. नऊ मिनिटं, दहा सेकंद.

पुन्हा शांतता. पुन्हा टक्. नऊ मिनिटं, दहा सेकंद. मी पाणी प्यायले. तिसरा तुकडाही तेवढाच, सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. त्यानंतर चौथा, आणि तो मात्र एवढासा. वीस सेकंद. जणू कुणी दार उघडलं आणि लगेच लोटून घेतलं.

म्हणजे ही टेप एका झटक्यात पुसलेली नव्हती. चार वेळा रेकॉर्डिंग सुरू झालं होतं, चार वेळा थांबलं होतं. तीन वेळा तर असं मोजून, की माणसाच्या हाताला जमणार नाही.

कॅसेट संपायला अजून दोन मिनिटं होती. आमच्या दुकानाची पद्धत होती, टेप शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय झाकण लावायचं नाही. शालिकराम त्यावरून गिऱ्हाइकांशी भांडायचे. मी ती दोन मिनिटं ऐकली. मागे घेऊन पुन्हा ऐकली. मग हेडफोन काढून ठेवला आणि बराच वेळ खिडकीशी उभी राहिले.

तिथे काय होतं, ते मी त्या दिवशी प्रशिकला सांगितलं नाही. आधी त्या घरातलं बोट खाली यायला हवं होतं.

३

मंगळवारी दुपारी बेसाला गेले. दारातच धोंडबांची पिशवी भरून ठेवलेली. दिवाणखान्यात भिंतीवर मोठा टीव्ही, त्याखाली फळीवर प्रशिकचा काळा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज मोठ्या स्पीकरांना पोचवणारं ते जड धूड, आणि रिसीव्हरखाली तो जुना डेक. चंदेरी अंग, उजवीकडे एक बटन थोडं झिजलेलं, डाव्या कोपऱ्यात तीन घरांचा बारीक खटका धुळीत दबलेला. त्याला पाहून मला दुकानाचा वास आला. खरंच आला.

"जय भीम, प्रेमिलाबाई," धोंडबा म्हणाले. "म्हाताऱ्या झाल्या तुम्ही."

"तुम्ही कोणते तरणे राहिले!"

हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मिनल कॉटवर बसली होती. रविवारपासून माहेरीच. तिला विचारावं लागलं नाही.

"मावशी, तुम्ही मशीनवाल्या, तुम्हीच सांगा. चुकून झालं असतं तर त्याच्यात काही तरी आलं असतं ना? टीव्ही, कुकर, भांडी? हे तं असं साफ केलं, जसा ओटा पुसते. अन् ओटा कोणाचा आहे इथं?"

स्वयंपाकघरातून सरिताचा आवाज आला. "ओटा माझाच आहे, मिनलताई. चहा बी त्याच्यावरच झाला. घ्या."

ती ट्रे ठेवून गेली. धोंडबांनी आपल्या कपाला हात लावला नाही.

"हिनंच म्हटलं होतं," मिनल आवाज खाली न आणता म्हणाली, "का हे जुनं भंगार कुठं ठेवू म्हणून. आईसंग हिचं कधी जमलंच नाही. मी बाबाले म्हटलं, टेप मले द्या. नाही देली. आता बसा."

प्रशिक दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं तसं तो स्वतःच म्हणाला, "माझ्यावर बी शंका घ्या, मावशी. टेप ऐकली का बाबा दोन दिवस जेवत नव्हते. धंतोलीच्या डॉक्टरनं सांगितलं, यायले जपा. तवा मी बोललो होतो, ही टेप नसती तं बरं झालं असतं. बोललो. केलं नाही."

"मी कोणाचं नाव घेत नाही," धोंडबा म्हणाले. "नाव घेऊन का होते? उद्या सकाळी वंदना झाली का मी निघतो."

"निघा," मी म्हटलं. "पण मला आधी सांगा, टेप मशीनमध्ये कधी घातली होती?"

"बेस्तरवारी. दुर्गेश डेक लावून गेला न, तवाच. मागं घेऊन तयार ठेवली. कन्हानले मी मशीनमंधी कधी ठेवत नव्हतो. वायर लावली, मग कॅसेट घातली, ऐकली का काढली. पण हात थरथरते आता. म्हटलं, पाहुण्यांसमोर फजिती नको."

"त्यानंतर रविवारपर्यंत कुणी हात लावला?"

"मी नाही लावला."

"आणि रविवारी?"

"रिमोटनं वरची मशीन चालू केली. गुडघा धरून उठलो, जवळ गेलो, तं टेप आधीच फिरून राहिली होती. मले वाटलं, तिलेच घाई झाली. थांबवली, मागं घेतली, मग लावली."

मिनलनं डोळ्याला पदर लावला.

मी पिशवीतून कॅसेट काढली आणि तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा बारीक दात त्यांना दाखवला. "हा तोडला असता, तर ही कुणालाच पुसता आली नसती. आम्ही दुकानात प्रत्येकाला सांगत होतो."

"मले बी सांगितलं होतं तुम्ही," धोंडबा म्हणाले. "पण तिच्या आवाजाची वस्तू. तिले मोडू काहून?"

४

दुर्गेश घराघरांत होम थिएटर बसवायचं काम करतो. त्याला अंगणातून फोन लावला.

"मॅडम, माझ्या वायरिंगमंधी चूक दाखवा, मी धंदा सोडतो!"

"धंदा राहू दे. काय काय जोडलंस ते सांग."

"डेकमधून आवाज रिसीव्हरमंधी यायची एक लाल-पांढरी वायर. रिसीव्हरमधून डेकमंधी जायची दुसरी. काकांनी म्हटलं होतं ऐकण्यापुरतंच लाव, पण मी काम अर्धवट करत नाही. रेकॉर्डिंगचं बी जोडून देलं."

"आणि लाइट कुठून दिली?"

"भिंतीवर एक बी जागा नव्हती हो. टीव्ही, वायफाय, मच्छरवालं मशीन, सगळं भरून. पण रिसीव्हरच्या मागं स्वतःचं सॉकेट आहे ना, त्याच्यात डेकचा प्लग घातला. काकांना किती सोपं झालं! रिसीव्हर चालू केला का डेक चालू, बंद केला का बंद."

"वाजवून पाहिलंस?"

"म्हणजे काय! गाडीतली माझी गाण्यांची कॅसेट लावली. कंपनीची, ओरिजिनल. झक्कास वाजली. काढून नेली."

मी फोन ठेवला. मला थोडं थोडं दिसायला लागलं होतं, आणि जे दिसत होतं ते मला नको होतं.

परत आत आले तर सरिता दिवाणखान्याच्या मधोमध उभी. ओले हात पदराला पुसत होती, ते कोरडे झाले तरी पुसतच होती.

"मावशी, उगाच कोणाकोणाले विचारू नका," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "बाबा, माझ्याच हातून झालं. शनिवारी दुपारी धूळ पुसताना थे लाल बटन दाबल्या गेलं. मले समजलं नाही. अर्धा तास तसंच चालू राहिलं. मीच पुसली."

प्रशिक "सरिता!" म्हणाला आणि दारातून आत आला.

"निघालं ना तोंडातून शेवटी," मिनल म्हणाली. पण म्हणताना तिचा आवाज पडला. खरं झालं की जोर जातो माणसाचा.

धोंडबांनी कपातला गार चहा नुसता दूर सरकवला. उठले आणि आपल्या खोलीत गेले.

मी डेकजवळ गेले. रिसीव्हर चालू केला, माझ्याकडची एक कोरी कॅसेट घातली आणि ते लाल बटन एकटंच दाबलं. काही झालं नाही. होणारच नव्हतं. त्या डेकवर रेकॉर्ड करायला लाल बटन आणि बाजूचं प्लेचं बटन, दोन्ही एकदम दाबावी लागतात. फडक्यानं ते होत नाही. आणि अर्धा तास सलग? टेपवर तर चार तुकडे होते.

सरिता खोटं बोलत होती. प्रश्न एवढाच होता, की कुणासाठी.

५

बुधवारी सहालाच ऑटो केली. बेसाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उभ्या इमारती, मधूनच एखादं तुरीचं शेत अजून शिल्लक, दव धरून. ऑटोवाला म्हणाला, दोन वर्षांत हेही जाईल.

धोंडबा आंघोळ करून, पांढरे कपडे घालून जिजाबाईंच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत होते. माझी कालची कोरी कॅसेट डेकमध्येच होती; ती मागे गुंडाळलेली आहे ना, हे मी पाहिलं, आणि मागे खुर्चीवर बसले. डेकवर एकही दिवा नव्हता. तो मेलेला होता.

धोंडबांनी रिमोट उचलला. टीव्ही लावला, रिसीव्हर लावला. वंदनेचे स्वर मोठ्या स्पीकरांतून सावकाश खोलीत पसरले. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

आणि त्या स्वरांच्या खाली, फक्त माझ्यासारख्या बाईला ऐकू येईल एवढंसं, टक्.

डेकवर लाल दिवा लागला. चाकं फिरायला लागली. कुणाचाही हात जवळ नव्हता.

मी घड्याळ काढलं, पण त्याचं उत्तर मला नको होतं. वंदना संपली, धोंडबांनी रिसीव्हर बंद केला, लाल दिवा विझला. नऊ मिनिटं, दहा सेकंद.

मान वर केली तर सरिता स्वयंपाकघराच्या दारात. ती डेककडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. तिनं मला हातानं मागच्या गॅलरीत बोलावलं.

"मावशी, पाया पडते. सांगू नका त्यायले."

"तुला कधी कळलं?"

"शनिवारी वंदनेच्या वेळी फुलं ठेवाले गेली, तवा लाल दिवा दिसला होता. मले वाटलं, नवीन लावलं म्हणून जळत असंल. रविवारी सगळे गेल्यावर डोक्यात लख्ख झालं." तिनं तोंडावर हात धरला. "रोज सकाळी थेच लावते. तिच्या फोटोसमोर बसून. अन् मागं तिचा आवाज..."

"म्हणून तू अंगावर घेतलंस."

"मी सून आहे, मावशी. मले वर्षभर बोल लावतील, लावो. पण त्यायले समजलं का आपल्याच हातानं गेली, तं थे जगतील काय?"

"तिकडे एकटे गेल्यावर जगतील?"

"रागात माणूस जेवते तरी. माझ्यावर राग धरून दोन पोळ्या खातील."

"जिजाबाईंशी तुझं जमत नव्हतं म्हणतात."

"नव्हतंच जमत. मी केलेल्या भाजीत कधी मीठ बरोबर नव्हतं." ती रडता रडता हसली. "पण मी चादरी वाळू घालत असली न, का मागून गुणगुणायच्या. मी वळून पाहिलं का चूप. म्हणून मी वळतच नव्हती. तशीच उभी राहायची."

वळून पाहिलं की चूप.

आणि त्या क्षणी मला आठवलं, चौतीस वर्षांपूर्वी त्या काळ्या नखांच्या माणसानं दुकानात काय विचारलं होतं.

६

मी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं. मिनल, प्रशिक, आणि दारातल्या पिशवीशेजारी चपला घालून उभे असलेले धोंडबा.

"बसा," मी म्हटलं. "बस दुसरी मिळेल."

"मावशी," सरिता कळवळून म्हणाली.

"नाही गं. तू पुसलं नाहीस. तू सांगितलंस तसं या मशीनवर होतच नाही." आणि मी त्यांना लाल बटनाचं दाखवलं, चार तुकड्यांचं सांगितलं. मिनल नणंदेसारखी ताठ बसली होती. ती हळूहळू पुढे झुकली.

"मग कोणाच्या हातचं हे?" प्रशिकनं विचारलं.

"कुणाच्याच हातचं नाही. धोंडबा, तुम्ही दुकानात आलात तेव्हा मला एक विचारलं होतं. आठवतं?"

त्यांची नजर डेककडे गेली. मग म्हणाले, "बटन न दाबता आपोआप चालू होईल, अशी मशीन आहे काय."

"आणि मी हा डेक दिला. हा डाव्या कोपऱ्यातला खटका. डावीकडे सरकवला, की वीज येताच मशीन आपसूक रेकॉर्ड करायला लागते. प्लगला घड्याळवालं टायमर लावायचं, आणि आपण कामावर निघून जायचं."

"ती माझ्यासमोर म्हणत नव्हती," धोंडबा म्हणाले, कुणाशी म्हणून नाही. "बटन दाबल्याचा आवाज आला का चूप. मी पाचलेच निघत होतो, पहिल्या पाळीले. साडेपाचचं टायमर लावलं, माइक पिंपामागं ठेवला. तिले पत्ता नाही. संध्याकाळी येऊन पाहतो, तं भरलेली. पुढं टायमर जळून गेलं."

"टायमर गेलं. खटका तिथेच राहिला, डावीकडे. कन्हानला तुम्ही आधी वायर लावत होतात, कॅसेट नंतर घालत होतात. म्हणून चौतीस वर्षं काही झालं नाही. इथे कॅसेट आत राहिली, आणि दुर्गेशनं डेकची वीज रिसीव्हरच्या मागून दिली. रिसीव्हर लावला की डेकला वीज, वीज आली की रेकॉर्डिंग. त्याची स्वतःची कॅसेट विकतची होती, तिला पाठीवरचा दात नसतोच, म्हणून त्याला कळलं नाही."

"पण मग टीव्हीचा आवाज काहून नाही आला त्याच्यात?" मिनलनं विचारलं. हा तिचाच मुद्दा होता.

"टीव्हीचा आवाज रिसीव्हरमध्ये डिजिटल तारेनं येतो. तो स्पीकरला जातो, पण मागच्या जुन्या लाल-पांढऱ्या वायरमधून डेककडे जात नाही. डेकला ऐकायला काहीच नव्हतं. त्यानं ती शांतताच लिहून घेतली. एरवी टीव्ही तुम्ही त्याच्याच आवाजावर पाहता, रिसीव्हर लागतो तो सकाळीच. शुक्रवार, शनिवार, रविवार, नऊ-नऊ मिनिटं. आणि रविवारी अकराला वीस सेकंद. गुडघा धरून उठून डेकपर्यंत जायला लागतात तेवढी."

नऊ मिनिटांचं सकाळी काय असतं, ते त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

धोंडबा खाली बसले. खुर्चीवर नाही, तिथेच, पिशवीशेजारी जमिनीवर.

"म्हणजे मीच," ते म्हणाले. "मीच पुसली तिले. हात जोडून."

"सांगू नका म्हटलं होतं ना मी!" सरिता माझ्यावर ओरडली, आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. धोंडबा तिच्याकडे वळून पाहत राहिले. मला वाटतं, तिनं काय केलं होतं ते तेव्हा त्यांना कळलं.

"धोंडबा," मी म्हटलं, "ओव्या संपल्यावर तुम्ही टेप कधी पुढे ऐकली होती?"

त्यांनी मान हलवली. "जातं थांबलं का मी बंद करत होतो. पुढं काही नव्हतंच."

"होतं."

मी खटका मधल्या, बंदच्या घरात सरकवला, रिसीव्हर लावला, कोरी काढून जिजाबाईंची कॅसेट घातली. वीस सेकंदांच्या त्या शेवटच्या तुकड्यावर टेप आणून ठेवली आणि सरिताला खूण केली. तिनं बटन दाबलं.

टक्.

दूर कुठेतरी कोंबडा. सुपात डाळ पाखडल्याचा आवाज. मग ते थांबलं, बांगड्या वाजल्या आणि एक बाई, अगदी माइकजवळ येऊन, हसू दाबत बोलली:

"झाली डाळ. आता तू बी थांब वं मशीन. मले का समजत नाही? पिंपामागं काय ठेवलं थे मले रात्रीच दिसलं. अन् यायले वाटते, हिले पत्ता नाही." जरा शांतता. "तुमच्यासमोर मले नाही येत म्हणता. लाज वाटते. म्हणून आता म्हणते, ऐकजा."

जात्याचा खुंटा धरल्याचा आवाज. रिकामं जातं, आत दाणा नसलेलं, नुसतं एक फिरलं. त्या घरघरीवर आवाज चढला. तरणा, थोडा खरखरीत:

"काळ्या खाणीच्या पोटात, दिवा कपाळी लावून,
जाते धोंडबा माझा वं, माझी झोप सांभाळून."

एकदाच म्हटली. जातं सावकाश थांबलं, आणि मग टेपच संपली.

मिनलनं तोंडात पदर कोंबला होता. प्रशिक भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"तिनं नाव घेतलं," धोंडबा म्हणाले. "लग्नापासून कधी घेतलं नाही. चार माणसांत नाही, एकांतात नाही. प्रशिकचे बाबा म्हणे, नाही तं अहो म्हणे. शेवटच्या दिवशी दवाखान्यात मी म्हटलं, एकदा घे वं. तं डोळ्यानंच नाही म्हणाली." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "घेऊन ठेवलं होतं. मीच बंद करत होतो."

पहाटे उठून चपला हातात घेऊन, अंधारात चाचपडत, बायकोची झोप मोडू नये म्हणून दार हळू ओढून घेणारा माणूस. आणि आत डोळे मिटून जागी असलेली ती. मला ते दोघं दिसले, जसे काही मी तिथेच होते.

मी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, पाठीवरचा तो बारीक दात बोटानं चाचपला.

"सरिता, काही टोकदार आण."

तिनं केसांतली पिन काढून दिली. सरितानं खालून कॅसेट धरली, धोंडबांनी पिन खुपसली आणि दात मोडला. एवढासा आवाज झाला. त्यांनी तो तुकडा खिशात ठेवला.

मिनल उठली. दारातली भरलेली पिशवी तिनं उचलली, आतल्या खोलीत नेऊन ठेवली, आणि परत येताना वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तोंडानं तिला ते जमलं नसतं.

"चहा ठेव वं," धोंडबा सरिताला म्हणाले. "मावशीले बी. कालचा मी पेला नव्हता."

मग ते फोटोकडे वळले. मेणबत्ती अजून जळत होती. चार माणसांत, सुनेसमोर, परक्या बाईसमोर, त्यांनी हाक मारली.

"जिजा," ते म्हणाले. "ऐकलं वं."